जिन्याखालची सायकल पुन्हा रस्त्यावर

एके काळी पुणे म्हणजे सायकलींचे शहर. कारखान्यात, कचेरीत, कॉलेजात जायचे तर सायकलच. आमच्या खडकवासल्यात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र आजही वर्गाला सायकलवरच जातात. प्रबोधिनीच्या कुंपणाबाहेर मात्र चित्र बदलले. २०२१ मध्ये गाव महापालिकेत आले, इमारती वाढल्या, सिंहगड रस्ता गाड्यांनी भरून गेला. आता अनेक घरांत जिन्याखाली अब्बांची सायकल गंजत पडलेली दिसते, आणि त्याच घरातले नववी-दहावीचे मूल स्कूटर घेऊन शिकवणीला निघालेले असते.

शिक्षक म्हणून आम्हाला या स्कूटरची धास्ती वाटते. घरोघरी असलेल्या ११० सीसीच्या स्कूटरसाठी परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा याबाबत फार कडक झाला आहे. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. दंड भरता येईल. मुलाचा हातपाय किंवा दुसऱ्या कोणाचा जीव गेला तर तो कशानेच भरून येणार नाही.

पालक म्हणतात, "सर, बस वेळेवर येत नाही, रिक्षा रोज परवडत नाही, मग करायचे काय?" प्रश्न खरा आहे. तीन-चार किलोमीटरच्या अंतरासाठी त्याचे उत्तर बहुधा घरातच पडलेले असते. आमच्या धाकट्या मुलासाठी आम्ही अब्बांची जुनी दांड्याची सायकल दुरुस्त करून घेतली. त्यातून जे शिकलो ते वाचकांसमोर ठेवत आहोत.

आधी पारख, मग खर्च

सायकलची खरी किंमत तिच्या फ्रेममध्ये असते. बाकी सगळे बदलता येते. ओल्या फडक्याने धूळ पुसून प्रत्येक जोड बोटाने चाचपून पाहावा. हँडलखाली जिथे नळ्या एकत्र येतात तिथे केसासारखी चीर असेल, किंवा पुढचा चिमटा बाजूने पाहता मागे वाकलेला असेल, तर ती सायकल भंगारात द्यावी. वरवरच्या गंजाला घाबरू नये. पॉलिश पेपरने घासल्यावर खाली लोखंड टणक लागले तर फ्रेम चांगली आहे.

जुन्या दांड्याच्या सायकलींची एक मोठी सोय आहे. कंपनी कोणतीही असो, मापे बहुतेक सारखीच. २८ इंची चाकाचा दीड इंची टायर, अर्ध्या इंचाच्या कडीची चेन, पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक. ॲटलसने साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद केला, तरी त्या सायकलींना लागणारे सामान आजही मिळते. नाना पेठेतल्या दुकानांत नवे भाग मिळतात. मडगार्ड, कॅरियर, चेनकव्हर यांसाठी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारावी. टायर, ट्यूब आणि ब्रेकचे रबर मात्र कधीही जुने घेऊ नये.

पैसा कुठे घालायचा

बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात आणि तिथेच पैसे संपवतात. आम्ही क्रम असा धरला: आधी जे थांबवते ते, मग जे फिरते ते, मग बसण्याची सोय, आणि पैसे उरले तर रंग.

ब्रेकचे चारही रबर बदलावेत. टायरच्या बाजूला भेगा दिसल्या तर नक्षी शिल्लक असली तरी तो टाकून द्यावा. चेनची झीज शाळेच्या फूटपट्टीने मोजता येते. एका पिनेच्या मध्यापासून २४ कड्या मोजल्या की बरोबर १२ इंच भरायला हवेत. आठवा भाग इंच जास्त भरले तर चेन संपली. नवी चेन जुन्या फ्रीव्हीलवर घसरत असेल तर फ्रीव्हीलही बदलावे लागते.

त्यानंतर ओव्हरऑइलिंग. दोन्ही चाके, मधला क्रँक आणि हँडल उघडून जुने काळे ग्रीस काढायचे, कप आणि कोन पुसून पाहायचे, नवे छर्रे घालायचे. जुन्या छर्‍यांत नवे मिसळू नयेत. माप सारखे राहत नाही आणि कोन लवकर खराब होतो. घरी खटपट करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की डाव्या पॅडलचा आटा उलटा असतो.

साफसफाई, गंज काढणे, पंक्चर, तेल एवढे घरी होते. चाकाचा आऊट काढणे मात्र मिस्त्रीकडेच द्यावे. एकेक स्पोक आवळत, सैल करत चाक सरळ करणे हा हुनर आहे आणि तो हातात असलेली माणसे आता कमी राहिली आहेत. त्यांच्या मजुरीत घासाघीस करू नये.

आमचा हिशेब असा झाला: दोन टायर ६४० रुपये, दोन ट्यूब २४०, चेन १८०, ब्रेक रबर ६०, छर्रे आणि ग्रीस ७०, क्रँकच्या कॉटर पिना ३०, सहा स्पोक ३०, सीट ३००, घंटी ६०, मागचा लाल रिफ्लेक्टर ४० आणि मिस्त्रीची मजुरी ५५०. एकूण २,२०० रुपये. दुकानागणिक थोडा फरक पडेल. हप्ता नाही, व्याज नाही, पेट्रोल नाही.

मुलींसाठी दोन गोष्टी

मुलीला सायकल द्यायची तर दांडा खाली वळवलेली लेडीज फ्रेम पाहावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी. सलवार चेनमध्ये आणि ओढणी किंवा अबाया चाकात अडकून वाईट अपघात होतात. ही दोन्ही कामे थोड्या पैशांत होतात. "मुलगी एकटी कशी जाणार?" असे अम्मी-दादी विचारतात, तेव्हा आम्ही सुचवतो की एकाच वाडीतल्या तीन-चार मुलींनी मिळून जावे. कॉलेज दूर आहे म्हणून बारावीआधीच घरी बसलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. अशा घरात सायकल ही तालीम सुरू ठेवण्याची सोय ठरते.

रस्त्यावर आणि घरी

सीटची उंची अशी ठेवावी की खाली असलेल्या पॅडलवर टाच टेकवली तर पाय सरळ होईल. पहिले आठ दिवस मोठ्या माणसाने सोबत जावे आणि शक्यतो आतल्या रस्त्यांची वाट ठरवून द्यावी. शनिवारी-रविवारी संध्याकाळी धरणाच्या चौपाटीवर आणि सिंहगडाकडे गाड्यांची रीघ लागते. त्या वेळी मुलांना मुख्य रस्त्यावर पाठवू नये. पावसात लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो, म्हणून वेग निम्मा ठेवायला शिकवावे. अंधारात पुढे दिवा हवाच.

पावसातून आलेली सायकल फडक्याने पुसून चेनला शिलाई मशीनचे तेल दोन थेंब द्यावे. खोबरेल तेल घालू नये. ते थंडीत गोठते आणि धूळ धरते. आठवड्यातून एकदा हवा तपासणे, ब्रेक पाहणे, नट आवळणे ही कामे ज्याची सायकल त्यानेच करावीत. आमच्याकडे हे काम रविवारी सकाळी होते. अब्बा खुर्चीवर बसून सांगतात आणि नातू पाना फिरवतो.

तेव्हा वाचकहो, मुलासाठी नव्या गाडीची चौकशी करण्याआधी एकदा जिन्याखाली वाकून पाहा. फ्रेम शाबूत असेल तर येत्या सुटीतच सायकल मिस्त्रीकडे न्या, आणि मुलालाही बरोबर घेऊन जा.