विस्मृतीची मोजदाद

भारतातील साठ वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश झालेला आहे, असा अंदाज २०२३ साली ‘अल्झायमर्स अँड डिमेन्शिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याआधी २०१० च्या ‘डिमेन्शिया इंडिया रिपोर्ट’ने हीच संख्या ३७ लाख सांगितली होती, आणि आणखी मागे जाऊन १९९८ साली प्रसिद्ध झालेले हरियाणातील बल्लभगढचे सर्वेक्षण पाहिले, तर तेथे पासष्टीपुढच्या लोकांत हे प्रमाण अवघे १.३६ टक्के आढळले होते. हे आकडे एकापुढे एक मांडले की पाव शतकात देशात विस्मृतीची साथच आली, असा समज होतो. वाढलेले आयुर्मान आणि वृद्धांची वाढलेली संख्या यांचा वाटा त्यात आहेच; परंतु या चढत्या आलेखाचा बराच भाग रोगापेक्षा मोजमापाच्या इतिहासाविषयी सांगतो. कोणाला काय विचारले आणि उत्तर कोणी दिले, या दोन गोष्टींवर हे आकडे उभे असतात.

स्मृतिभ्रंश हा एक रोग नसून अनेक रोगांमुळे उद्भवणारी अवस्था आहे. अल्झायमर हे तिचे सर्वांत मोठे कारण. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील बिघाड हे दुसरे. निदानासाठी साधारणपणे दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: स्मरण, भाषा, दिशाज्ञान, निर्णयशक्ती अशा बौद्धिक क्षमता, ज्यांना एकत्रितपणे बोधनक्षमता म्हटले जाते, त्या व्यक्तीच्या पूर्वीच्या पातळीपेक्षा खालावल्या आहेत, ही पहिली, आणि या घसरणीमुळे तिचे रोजचे व्यवहार अडू लागले आहेत, ही दुसरी. रक्तदाब मोजायला पट्टा असतो, मधुमेहाला रक्ताचा थेंब पुरतो. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत मात्र रक्तातील खुणांच्या चाचण्या अलीकडेच हाताशी येऊ लागल्या असल्याने, घरोघरी फिरणाऱ्या संशोधकाची सारी भिस्त आजवर शब्दांवर, म्हणजे वृद्धाला विचारलेल्या प्रश्नांवर आणि त्याच्या घरच्यांनी दिलेल्या साक्षीवर राहिली. शास्त्राच्या दृष्टीने हा पाया तसा डळमळीतच, पण दुसरा उपलब्ध नव्हता.

जगभर सर्वाधिक वापरली गेलेली प्रश्नावली अमेरिकेतील मार्शल फोल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली तयार केली. तीस गुणांच्या या छोट्या चाचणीत तारीख व वर्ष सांगणे, आपण कितव्या मजल्यावर आहोत हे ओळखणे, शंभरातून सात सात वजा करत जाणे, कागदावर लिहिलेली ‘डोळे मिटा’ ही सूचना वाचून तसे करणे, एक वाक्य लिहिणे आणि एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन काढणे, अशा गोष्टी येतात. ती रुग्णालयात जन्मली होती आणि रुग्ण शाळेत गेलेला असणार, हे तिने गृहीत धरले होते. हीच चाचणी जशीच्या तशी हरियाणातील खेड्यात नेली, तर कधीही पाटी-पेन्सिल हाती न धरलेली धडधाकट आजी चाचणीपुरती रुग्ण ठरली असती.

बल्लभगढच्या भारत-अमेरिका संयुक्त प्रकल्पातील संशोधकांनी, त्यांत विजय चंद्रा, मेरी गांगुली आणि राजेश पांडव यांची नावे अग्रभागी होती, हा धोका ओळखला. त्यांनी अभ्यासलेल्या ५५ वर्षांपुढील ५,१२६ व्यक्तींपैकी ७३.३ टक्के निरक्षर होत्या. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या हिंदी चाचणीत मूळ चाचणीचा हेतू राखून प्रश्न बदलले गेले. आता सकाळ आहे, दुपार आहे की संध्याकाळ; हे गाव कोणत्या टपाल कार्यालयाच्या हद्दीत येते; आठवड्याचे वार उलट क्रमाने सांगा, असे प्रश्न आले. लेखी सूचनेऐवजी प्रश्नकर्ता स्वतः डोळे मिटून ‘माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा’ म्हणू लागला, वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी एक वाक्य बोलायला सांगितले गेले आणि पंचकोनांच्या जागी चौकोनातील हिऱ्याची आकृती आली. लक्षात ठेवायच्या तीन वस्तू होत्या आंबा, खुर्ची आणि नाणे. या बदलांत भाषांतराचा भाग थोडा. मुख्य काम होते ते त्या गावातल्या म्हाताऱ्या माणसाचे जग कशाचे बनलेले आहे, हे समजून घेण्याचे. तरीही आकृती काढण्याचा प्रश्न उरलाच, आणि जिने आयुष्यभर रांगोळीखेरीज रेघ ओढली नाही, तिच्या हातातील पेन्सिल अडखळली तर तो दोष मेंदूचा की सवयीचा, हे केवळ गुणांवरून ठरवता येत नाही.

दुसरा प्रश्न रोजच्या व्यवहारांचा होता. पाश्चात्त्य प्रश्नावल्यांत बँकेचे हिशेब, दूरध्वनी, खरेदी, स्वयंपाक यांविषयी विचारले जाते. भारतीय एकत्र कुटुंबात सत्तरीच्या वृद्धाने यांपैकी काहीच केले नाही तरी कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. सून स्वयंपाक करते, मुलगा पैसे सांभाळतो, आणि सासूबाईंनी बसून राहावे हा त्यांचा मान समजला जातो. म्हणून याच प्रकल्पाने घरच्यांसाठी वेगळी प्रश्नावली बनवली: नुकतेच जेवण झाल्याचे त्या विसरतात का, गावातल्या गावात वाट चुकतात का, कपडे नीट घालतात का, सांगितलेला निरोप पोहोचवायचे राहून जाते का, घरातल्या लग्नासारख्या विषयांत मत देतात का, होळी-दिवाळीसारखे सण त्यांच्या लक्षात राहतात का. वृद्धाला कुटुंबात प्रत्यक्षात कोणती भूमिका दिलेली असते याची अशी नोंद समाजशास्त्राच्या ग्रंथांतही क्वचितच सापडेल.

एवढी काळजी घेऊनही बल्लभगढचा आकडा कमी आला, आणि तो निव्वळ चाचणीच्या चुकीमुळे आला असे म्हणता येत नाही. येथे साथरोगशास्त्रातील एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. एखाद्या वेळी समाजात असलेल्या एकूण रुग्णांचे प्रमाण हे एक माप, आणि ठरावीक काळात नव्याने आजारी पडणाऱ्यांचा दर हे दुसरे. रुग्ण लवकर दगावत असतील, तर नवे रुग्ण पुष्कळ असूनही एकूण प्रमाण लहान दिसते. म्हणून त्याच लोकांचा पाठपुरावा करून २००१ साली नव्या रुग्णांचा दर मांडण्यात आला. तोही पासष्टीपुढील दर हजार व्यक्तिवर्षांमागे अल्झायमरचे ४.७ इतकाच भरला, तर तुलनेसाठी निवडलेल्या पेन्सिल्वेनियातील मोनोंगाहेला खोऱ्यात तो १७.५ होता. (एक व्यक्ती एक वर्ष निरीक्षणाखाली राहिली की एक व्यक्तिवर्ष धरतात.) अल्झायमरचा धोका वाढवणारे ‘अपो-ई ४’ हे जनुकरूप बल्लभगढमध्ये अमेरिकेपेक्षा कमी लोकांत आढळले, हे एक संभाव्य कारण, परंतु ज्यांच्यात ते होते, त्यांच्यात रोगाशी असलेले त्याचे नाते दोन्हीकडे सारखेच दिसले. नायजेरियातील इबादान आणि अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील कृष्णवर्णीयांच्या तुलनेतही असाच फरक दिसला: वर्षाला १.३५ टक्के विरुद्ध ३.२४ टक्के. त्यामुळे गरीब देशांत रोग खरोखरच कमी असावा, ही शक्यता आजही पुरती मोडीत निघालेली नाही.

तिला पहिला जोरदार तडाखा दिला तो ‘१०/६६’ या संशोधकगटाने. जगातील ६६ टक्के स्मृतिभ्रंशग्रस्त विकसनशील देशांत राहतात आणि त्या देशांतील लोकांवर एकूण संशोधनाच्या १० टक्क्यांहूनही कमी संशोधन होते, या विसंगतीवरून नाव घेतलेला हा गट १९९८ साली कोचीतील परिषदेतून उभा राहिला. लंडनचे मार्टिन प्रिन्स त्याचे प्रमुख सूत्रधार होते. कॅनडातील क्री आदिवासींसाठी रचलेली आणि पुढे इबादानमध्ये वापरलेली प्रश्नावली त्यांच्या पद्धतीचा एक मुख्य आधार होती. सात देशांतील अकरा ठिकाणच्या पासष्टीपुढील १४,९६० लोकांचा त्यांचा अभ्यास २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. भारतातील ठिकाणे चेन्नई आणि वेल्लोर परिसरातील खेडी ही होती. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे प्रचलित निकष लावले असता ग्रामीण भारतातील प्रमाण ०.३ टक्के आले, क्यूबातील ६.३ टक्के. गटाने स्वतः विकसित केलेली पद्धत लावली, तेव्हा ही दरी जवळजवळ मिटली. सर्व ठिकाणचे आकडे ५.६ ते ११.७ टक्क्यांच्या दरम्यान आले.

एकाच खेड्यातील त्याच माणसांविषयी इतके वेगळे उत्तर कसे निघाले, याचा खुलासा या अभ्यासातील सर्वांत मोलाचा भाग आहे. प्रचलित निकषांत घसरण झाल्याचे आणि व्यवहार अडल्याचे घरच्यांनी सांगावे लागते, आणि कमी विकसित भागांतील नातेवाईक ते सांगतच नव्हते. गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी केलेल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच आधी दिसले होते: विसरभोळेपणा, भरकटणे, संशय घेणे ही लक्षणे लोकांच्या पूर्ण परिचयाची होती, पण तो आजार आहे असे कोणी मानत नव्हते, वय झाले म्हणून असे होते, किंवा मुलांनी हेळसांड केली म्हणून असे झाले, एवढीच कारणे दिली जात. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्या समाजाला हे नवल वाटू नये. अर्थात १०/६६ च्या पद्धतीवर ती उगाच जास्त रुग्ण पकडते असा आक्षेप घेतला गेला, आणि तो रास्त होता. त्याचे उत्तर चेन्नईतील तीन वर्षांच्या पाठपुराव्याने दिले: या पद्धतीने रुग्ण ठरलेल्यांत मृत्यू अधिक झाले आणि जगलेल्यांपैकी बहुतेकांची प्रकृती आणखी खालावली. निरोगी माणसांवर चुकीचा शिक्का बसला असता, तर असे घडले नसते.

या दोन टोकांमध्ये बरेच आकडे आहेत. मुंबईत २००१ च्या सुमारास पासष्टीपुढील २.४४ टक्के, कोचीत २००५ साली ३.३६ टक्के. त्यांची सरासरी काढण्यात फारसा अर्थ नाही, कारण प्रत्येकाने वेगळी फूटपट्टी वापरली होती. संपूर्ण देशाला एकच फूटपट्टी लावण्याचे काम मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांसह हाती घेतलेल्या ‘लासी’ या वार्धक्यविषयक दीर्घकालीन सर्वेक्षणामुळे शक्य झाले. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांपुढील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली. त्यांतील साठीपुढील ४,०९६ जणांच्या बोधनक्षमतेची सविस्तर तपासणी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सहभागाने ‘लासी-डॅड’ या उपप्रकल्पात करण्यात आली, वरील ७.४ टक्क्यांचा अंदाज याच प्रकल्पाचा. साऱ्यांचे निदान वैद्यांकडून करून घेणे अशक्य असल्याने सुमारे अडीच हजार जणांची कागदपत्रे तज्ज्ञांनी संगणकावर पाहून, मतभेद असल्यास चर्चा करून, निर्णय दिला आणि त्याच्या आधारे देशाचे अनुमान बांधले गेले. त्याच प्रकल्पाच्या माहितीवर यंत्र-अध्ययनाची, म्हणजे उदाहरणांवरून संगणकाला शिकवण्याची रीत वापरणाऱ्या दुसऱ्या शोधनिबंधाने मात्र प्रमाण ८.४४ टक्के आणि संख्या एक कोटीच्या पुढे सांगितली. दोन्ही निबंध २०२३ चे. वृत्तपत्रांनी आपापल्या पसंतीचा आकडा उचलला. जाणत्या वाचकाने दोहोंमधील अंतर हाच या शास्त्राचा आजचा प्रामाणिक पल्ला समजावा.

या पाहणीत स्त्रियांत पुरुषांपेक्षा आणि खेड्यांत शहरांपेक्षा प्रमाण जास्त आढळले. येथे सारा विषय शिक्षणाच्या गाठीपाशी येऊन थांबतो. शाळेत न गेलेल्यांना चाचणीत गुण कमी पडतात, म्हणून ते रुग्ण भासतात, हा एक अर्थ. दुसरा अर्थ असा की शिक्षणाने मेंदूत एक प्रकारची बौद्धिक शिल्लक साठते, तिच्या बळावर मेंदूची झीज झाली तरी माणूस बराच काळ निभावून नेतो, आणि ही शिल्लक नसलेल्यांत रोग लवकर उघडा पडतो. दोन्ही अर्थ खरे असू शकतात, आणि एका भेटीतील पाहणीत दोन्हींचे रूप सारखेच दिसते. त्यांची फारकत करायची तर त्याच माणसाला काही वर्षांनी पुन्हा गाठून त्याची तुलना त्याच्या स्वतःशीच करावी लागते. लासी-डॅडची २०२२ ते २०२४ मधील दुसरी फेरी आणि बेंगळुरूच्या मेंदू संशोधन केंद्राचा कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपुरा तालुक्यात चाललेला दीर्घ अभ्यास यांचे महत्त्व यासाठी आहे.

दुसऱ्या अर्थाला बळ देणारा पुरावा परदेशांतून येतो. इंग्लंडमध्ये १९९० च्या सुमाराच्या प्रमाणानुसार २०११ साली पासष्टीपुढील ८.३ टक्के लोक स्मृतिभ्रंशग्रस्त असायला हवे होते. प्रत्यक्ष मोजणीत ६.५ टक्केच आढळले. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून नव्या रुग्णांचा दर दर दशकाला सरासरी २० टक्क्यांनी उतरत गेला, पण ही उतरण किमान माध्यमिक शिक्षण पुरे केलेल्यांपुरतीच होती. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ साली अल्पशिक्षण, बहिरेपणा, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा, दृष्टिदोष आदी चौदा टाळण्याजोगी कारणे मांडून ती पूर्णतः दूर झाल्यास ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा लांबवता येतील, असा हिशेब केला. हा हिशेब समाजाचा आहे. कोणा एकाने चष्मा घेतला वा रोज फिरायला गेला म्हणून त्याचा धोका निम्म्यावर येईल, असा त्याचा अर्थ लावणे चूक. भारतात या कारणांपैकी शिक्षणाची बाजू पिढीगणिक सुधारत आहे आणि मधुमेह-रक्तदाबाची बिघडत आहे. त्यांची गोळाबेरीज कोणत्या दिशेला जाते, हे पुढच्या फेऱ्या सांगतील.

मोजणीचा उपयोग काय, या प्रश्नाला गोव्यानेच एक उत्तर दिले आहे. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांवर केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात थोडे प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्या घरी जाऊन आजार समजावून सांगत, वागणे कसे हाताळावे ते शिकवत आणि गरजेनुसार डॉक्टरांशी गाठ घालून देत. त्यामुळे सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण मोजता येईल इतका हलका झाला. मात्र अशी सेवा ज्याची नोंद झाली त्याच घरी पोहोचते, आणि नोंद घरच्यांच्या उत्तरावर अवलंबून असते. म्हणून वाचकांना एवढीच विनंती की, सर्वेक्षक दारी आला किंवा डॉक्टरांनी विचारले, तर ‘वयच झाले आता’ म्हणून विषय मिटवू नये. आई-वडील वर्षापूर्वी काय करत होते आणि आज त्यांना काय जमत नाही, ते सविस्तर आणि आडपडदा न ठेवता सांगावे.