काडतुसाची लांबी

वापरलेली पितळी पुंगळी पुन्हा भरण्याचा छंद अमेरिकेत आणि उत्तर युरोपात जुना आहे. (आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, आपला संबंध वाचण्यापुरताच.) पुंगळीच्या बुडाशी नवी टोपी, आत मोजून दारू, तोंडाशी गोळी. गोळी किती खोल बसवली यावर काडतुसाची एकूण लांबी ठरते. प्रमाण-संस्थांनी ती छापून दिलेली असते; ९ मिमी पिस्तुलासाठी कमाल २९.६९ मिमी. नवशिके हा आकडा गाठायचा समजतात. माझ्या वाचनातून मला तो कुंपणासारखा वाटतो. कुंपणाच्या आत कुठे थांबायचे, हे हातातली बंदूकच सांगते.

स्वीडनची ६.५ मिमी मॉझर रायफल पाहा. १८९४च्या मूळ काडतुसातली गोळी १०.१ ग्रॅमची, लांबलचक, बोथट नाकाची. तिच्यासाठी नळीत आटे सुरू होण्याआधी बरीच मोकळी जागा ठेवलेली होती. १९४१मध्ये तिथल्या लष्कराने ९ ग्रॅमची टोकदार गोळी घेतली. अशा जुन्या रायफलीत आखूड, हलकी गोळी आट्यांजवळ नेऊ पाहाल, तर पुंगळीच्या गळ्यात तिला धरायला काही उरत नाही. तेव्हा गोळीला थोडी मोकळी धाव द्यावीच लागते. उलट ही जागा आखूड असलेल्या नव्या नळीत लांब गोळी आधीच आट्यांत रुतते आणि दाब वाढतो. म्हणून जाणकार टोकापासून मोजत नाहीत. टोके एकसारखी नसतात. गोळीचा फुगीर भाग आट्यांना जिथे टेकतो, तिथून मोजतात. शिवाय मॅगझिनमध्ये मावणे आलेच. एकेक काडतूस हाताने भरणाऱ्या नेमबाजाला तेवढी सूट.

पिस्तुलात भीती उलट्या बाजूची. पुंगळी इवलीशी, गोळी जरा जास्त आत गेली की दारूवरची जागा आक्रसते आणि दाब झपाट्याने चढतो. रायफलीत जास्त लांबीला जपायचे, तर इथे जास्त आखूडपणाला. आणि मॅगझिनमधून वर सरकताना गोळीचे नाक उतारावर आपटून ती आत ढकलली जाऊ शकते, त्यामुळे पुंगळीची पकडही घट्ट हवी.

रिव्हॉल्व्हरचे आणखी वेगळे. एक गोळी सुटली की धक्क्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकू पाहतात. एखादी चक्रातून बाहेर डोकावली, तर चक्र फिरायचे थांबते. म्हणून गोळीवर खाच कोरलेली असते आणि पुंगळीची कड तिच्यात दाबून बसवतात. इथे लांबी त्या खाचेवरच ठरते.