कॅमेरा व लॅपटॉपसाठी खांद्याची बॅग : घेताना काय पाहावे?

गेल्या लग्नसराईत एक तरुण फोटोग्राफर आमच्या दुकानी आला. दिग्रसला निकाहचे काम आटोपून मोटारसायकलने मानोऱ्याकडे येताना त्याच्या बॅगच्या पट्ट्याची शिवण उसवली आणि बॅग रस्त्यावर आदळली. कॅमेरा वाचला, पण लेन्स फुटली व लॅपटॉपचा पडदा तडकला. दोन्ही वस्तू हप्त्यावर घेतलेल्या! “चाचा, बॅग तर भारीतली होती,” असे तो म्हणत होता. मी शिवण पाहिली. पट्टा जिथे बॅगला जोडला होता तिथे सुताची एकच ओळ होती. बॅग दिसण्यात भारी होती, शिवणीत नव्हती.

आज आपल्या समाजातील अनेक तरुण लग्नाचे फोटो, व्हिडिओ यांवर हलाल रोजी कमावतात. पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेतही तालुक्यातील फोटोग्राफर काम करतात. त्यांची सारी पुंजी एका बॅगेत असते. म्हणून बॅग कशी पारखावी हे कापडाच्या अंगाने येथे सांगत आहे.

ही बॅग म्हणजे काय?

जिला ‘मेसेंजर बॅग’ म्हणतात तिचा पट्टा छातीवरून तिरपा जातो आणि वर मोठे झाकण असते. आपल्या पोस्टमनची खाकी थैली याच जातीची. फायदा असा की, बॅग खांद्यावरून न उतरवता पुढे ओढून लेन्स काढता येते. तोटा असा की, सारे वजन एकाच खांद्यावर पडते. म्हणून आधी आपले सामान किराणा दुकानाच्या काट्यावर मोजावे. लॅपटॉप, कॅमेरा, दोन लेन्स, फ्लॅश व चार्जर मिळून पाच किलोच्या वर जात असेल आणि दिवसभर वागवायचे असेल, तर पाठीवरची बॅगच बरी.

माप कसे घ्यावे?

लॅपटॉप 15.6 इंची म्हणजे त्याचा पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तेवढा, सुमारे 39.6 सेंटिमीटर. ही लॅपटॉपची लांबी किंवा रुंदी नव्हे. तेव्हा आकड्यावर न जाता टेप लावून लांबी, रुंदी व जाडी घ्यावी. शक्यतो लॅपटॉप सोबत नेऊन कप्प्यात घालून पाहावा. लॅपटॉपचा कप्पा बॅगच्या तळापासून किमान दोन बोटे वर संपावा, नाहीतर बॅग खाली टेकवताच लॅपटॉपचा कोपरा आपटतो. लॅपटॉप अंगाकडे, कॅमेरा बाहेरच्या बाजूला आणि दोहोंमध्ये कडक पडदी असावी. ती नसेल तर लेन्सचा दाब लॅपटॉपच्या पडद्यावर येतो.

कापड

दुकानदार ‘600 डेनिअर’, ‘1000 डेनिअर’ असे सांगतात. 9000 मीटर सुताचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. म्हणजे हा आकडा सुताची जाडी सांगतो, मजबुती नव्हे. सूत नायलॉनचे की पॉलिस्टरचे हेही विचारावे. एकाच जाडीत नायलॉन घासण्याला जास्त टिकते, तर पॉलिस्टर उन्हाला जास्त टिकते. सुती कॅनव्हास मजबूत व दिसायला छान, पण पावसात पाणी पिऊन जड होतो, उशिरा वाळतो आणि ओला राहिला तर त्याला बुरशी धरते. हीच ओल लेन्सलाही बाधते. म्हणून कोणत्याही बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात व भिजलेली बॅग उघडी करून वाळवावी.

पाणी अडवणारा थर कापडाच्या आतल्या बाजूस असतो. नखाने हलके खरवडून पाहावे. थर पापुद्र्यासारखा सुटत असेल किंवा चिकट लागत असेल तर माल जुना वा हलका समजावा. थर चांगला असला तरी सुईच्या छिद्रांतून पाणी शिरतेच, म्हणून पावसाळ्यासाठी वेगळा गिलाफ हवाच.

शिवण, चेन आणि कडी

पट्टा बॅगला जोडतो त्या जागी चौकोन व त्यात फुली अशी शिवण हवी आणि पट्ट्याचे टोक बॅगच्या शिवणीत खोल गेलेले हवे. धागा पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचा असावा. सुती धागा ओलीने कुजतो. कडी धातूची व जोड न दिसणारी घ्यावी. चेन पाच नंबरपेक्षा बारीक नसावी. मुख्य कप्प्याला आठ किंवा दहा नंबर उत्तम. रनर वळणावर दहा वेळा फिरवून पाहावा. आतला फोम बोटाने दाबावा. दबून राहिला तर नको, लगेच वर आला तर चांगला.

आणखी एक बारीक गोष्ट. झाकणाला नुसते व्हेल्क्रो असेल तर ऐन इजाब-कबूलच्या वेळी त्याचा कर्रकर्र आवाज सारी मजलिस ऐकते! बकल असलेली बॅग घ्यावी.

कारागीर बंधूंसाठी

मुंबईत धारावी व मदनपुरा येथे बॅग शिवणारे आपले कितीतरी कारागीर आहेत. पण गावोगावी सीटकव्हर व रेक्झिनचे काम करणाऱ्यांकडेही जाड कापड शिवणारी मशीन असते. गिऱ्हाइकाचे सामान समोर ठेवून, मापाने बॅग शिवून दिली आणि उसवली तर दुरुस्तीची हमी दिली, तर तालुक्याच्या गावीही हा धंदा उभा राहू शकतो. मात्र मोठ्या कंपनीचे खोटे लेबल लावू नये आणि अस्तराखाली हलका माल दडवू नये.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणारा आमच्यातला नव्हे, असे बजावले. बॅगची आतली शिवण म्हणजे तो ढिगाखालचा भाग. घेणाऱ्याने तिथे हात घालून पाहावे आणि विकणाऱ्याने तो आधीच उलटून दाखवावा. त्यातच धंद्याची बरकत आहे.