‘वय झाले’ हे निदान नव्हे

दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांच्या तोंडी एक वाक्य वारंवार ऐकू येते : “आता वय झाले डॉक्टर, काही ना काही व्हायचेच.” गुडघे, दृष्टी, झोप यांच्या बाबतीत ते पुष्कळसे खरेही असते. परंतु तोंडातील न भरणारा व्रण, शौचावाटे जाणारे रक्त किंवा कारणाशिवाय उतरणारे वजन यांनाही हेच वाक्य लावले, तर ते घातक ठरू शकते. कर्करोगाचे प्रमाण वयाबरोबर वाढते. म्हणजे ज्या वयात लक्षणांकडे अधिक बारकाईने पाहायला हवे, नेमक्या त्याच वयात आपण ती वार्धक्याच्या खात्यावर टाकून मोकळे होतो.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले. पुरुषांमध्ये ओठ व तोंडाच्या, तर स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक होते. हे दोन्ही अवयव डोळ्यांनी पाहता येतात, हाताने तपासता येतात. तरीही आपल्याकडे बरेच रुग्ण रोग पुढच्या अवस्थेत गेल्यावरच रुग्णालयात पोहोचतात. यंत्रांची उणीव हे त्याचे एक कारण आहे. पण लक्षण न ओळखणे, ओळखले तरी न सांगणे आणि सांगितले तरी पाठपुरावा न होणे, ही कारणेही तितकीच मोठी आहेत.

बोलण्याने काय साधते?

केवळ माहिती देऊन फरक पडतो का, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. त्याचे उत्तर आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील बार्शीने दिले आहे. तेथे १९८७ मध्ये ग्रामीण भागासाठी कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांना धोक्याची लक्षणे समजावून सांगत आणि तपासणीसाठी प्रवृत्त करीत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे तेथील अभ्यासात दिसून आले.

दुसरे उदाहरण मुंबईचे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून तेथील वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयोगटातील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या गटातील स्त्रियांची स्तनतपासणी दर दोन वर्षांनी, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी केली. वीस वर्षांनंतरच्या निष्कर्षांत, पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटलेले आढळले. वयाने मोठ्या स्त्रियांना ‘आता तपासून काय उपयोग’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दवाखान्याच्या पातळीवर

या अनुभवांपासून धडा घेऊन आम्ही तालुक्याच्या गावातील डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यात काही साध्या गोष्टींची शिस्त लावून घेतली आहे. साठीपुढील रुग्ण ताप-खोकल्यासाठी आला असला, तरी त्याचे तोंड बॅटरीच्या उजेडात, कवळी काढायला लावून पाहिले जाते. तंबाखूची गोळी गालात जिथे ठेवली जाते ती जागा, जिभेच्या कडा आणि जिभेखालचा भाग ही मुख्य ठिकाणे. “मी तंबाखू खात नाही” असे सांगणाऱ्या आजींना “आणि मशेरी?” असा वेगळा प्रश्न विचारावा लागतो. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. पण ती दात घासण्याची सवय म्हणून लावली जात असल्याने व्यसनांत धरलीच जात नाही.

दुसरी गोष्ट, तारखेची चिठ्ठी. तोंड आले, आवाज बसला, खोकला झाला, तर औषध देताना त्या दिवसापासून तीन आठवड्यांनंतरची तारीख एका चिठ्ठीवर लिहून दिली जाते : ‘या तारखेपर्यंत पूर्ण बरे वाटले नाही, तर पुन्हा दाखवावे.’ ही चिठ्ठी शक्यतो सोबत आलेल्या मुलाच्या, सुनेच्या किंवा नातवाच्या हाती दिली जाते. ‘बरे वाटले नाही तर या’ हे वाक्य माणूस विसरतो. कालनिर्णयावर खूण केलेली तारीख सहसा विसरत नाही.

तिसरी गोष्ट, महिन्यातून एका शनिवारी होणारी आरोग्यसभा. तिच्या अखेरीस स्त्रियांसाठी परिचारिकेसोबत वेगळी वेळ ठेवलेली असते. कारण भरसभेत जे विचारले जात नाही, ते तिथे विचारले जाते. पाळी थांबून पंधरा-वीस वर्षे झालेल्या बाईला रक्ताचे डाग दिसतात आणि ती ते महिनोन्‌महिने कुणालाही सांगत नाही. मुलाला सांगायची लाज वाटते आणि सुनेवर कामाचा भार टाकायचा संकोच असतो. अशा बहुतेक जणींमध्ये कारण कर्करोगाहून वेगळे निघते. मात्र रजोनिवृत्तीनंतर एकदाही रक्तस्राव झाला, तर तपासणी केल्याखेरीज तो निरुपद्रवी ठरवता येत नाही.

कशाची वाट पाहू नये, कशाची किती पाहावी

पुढील गोष्टींसाठी मुळीच थांबू नये. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे :

• लघवीतून रक्त जाणे, मग ते एकदाच गेलेले असो आणि वेदना मुळीच नसोत.
• शौचावाटे रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच. ‘जुनी मूळव्याध आहे’ असे गृहीत धरू नये. मूळव्याध असलेल्या माणसालाही आतड्याचा कर्करोग होऊ शकतो.
• खोकल्यातून रक्त पडणे, रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव.
• स्तन, मान, काख येथे नव्याने आलेली गाठ. ‘दुखत नाही, म्हणजे साधी आहे’ हा समज उलटा आहे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे ही लक्षणेही याच गटातील.
• घास अडकणे. भाकरी सोडून पातळ पदार्थांवर यावे लागणे.

पुढील तक्रारींना जास्तीत जास्त तीन आठवडे द्यावेत :

• तोंडातील न भरणारा व्रण, मग तो कवळी घासून झालेला वाटला तरीही. पांढरा किंवा लाल चट्टा असल्यास तो तर दिसताच दाखवावा.
• बसलेला आवाज, न थांबणारा खोकला. क्षयरोगाची तपासणी करून तो नसल्याचे कळले, तरी शोध तिथेच थांबवू नये.
• शौचाच्या जुन्या सवयीत झालेला बदल.
• आहार तोच असूनही वजन उतरणे, भूक मंदावणे, सतत थकवा.

थकव्याच्या बाबतीत एक सूचना. ज्येष्ठ व्यक्तीचे हिमोग्लोबिन उतरलेले आढळले, की लोहाच्या गोळ्या सुरू होतात आणि प्रकरण संपते. वस्तुतः या वयात लोह कमी का झाले, हा प्रश्न गोळीपेक्षा महत्त्वाचा असतो. पोटातून वा आतड्यातून नकळत रक्त जात असेल, तर त्याची पहिली खूण कधी कधी एवढीच असते.

तोंडाची तपासणी घरीही करता येते. महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर उभे राहावे, कवळी काढावी, गाल, हिरड्या, जीभ सर्व बाजूंनी पाहावे. मग आपलीच तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जातात का, ते पाहावे. पूर्वी सहज जाणारी बोटे जात नसतील, तर तोंड आखडू लागले आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे.

भीतीविषयी

“तुकडा काढला की रोग पसरतो” या समजुतीपायी कितीतरी कुटुंबे मोलाचे महिने गमावतात. तुकडा तपासणी योग्य रीतीने केल्याने आजार बळावत नाही आणि तिच्याशिवाय बहुतेक वेळा निदान पक्के होत नाही. तुकडा काढल्यानंतर जे बिघडताना दिसते, ते बहुधा आधीच हाताबाहेर गेलेल्या आजारामुळे.

“या वयात उपचार झेपतील का?” हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचे उत्तर जन्मतारखेवरून देता येत नाही. माणसाची एकूण प्रकृती, अन्य आजार आणि त्याची स्वतःची इच्छा पाहूनच द्यावे लागते. लवकर सापडलेल्या आजारात अनेकदा लहान शस्त्रक्रियेवर भागते. उशीर झाला की उपचार मोठे होतात. आजार पूर्ण बरा होण्यासारखा नसला, तरी वेदना कमी करणे, घास सुखाने जाणे हेही वैद्यकाचेच काम आहे.

खर्चाच्या काळजीनेही ज्येष्ठ मंडळी गप्प बसतात. तीस वर्षांवरील सर्वांसाठी तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या तपासणीचा कार्यक्रम शासकीय आरोग्य केंद्रांमार्फत चालतो. तसेच ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत स्थान मिळाले आहे. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात येतात. हे कार्ड आजारपण येण्याआधीच काढून ठेवावे.

घरातील माणसांसाठी

सांभाळ करणाऱ्यांना एक विनंती. “काही होतंय का?” असे विचारल्यास “काही नाही रे” हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी नेमके विचारावे : “आई, जेवताना घास अडकतो का? लघवीचा रंग नीट आहे ना?” ब्लाऊज सैल होऊ लागले, धोतराची गाठ आत सरकली, ताटात भाकरी उरू लागली, तर तिकडे लक्ष असू द्यावे. दवाखान्यात येताना जुनी फाइल, चालू गोळ्या आणि तक्रार कधी सुरू झाली ती तारीख लिहून आणावी. शिवाय रुग्णाला डॉक्टरांशी एकट्याने बोलायला दोन मिनिटे द्यावीत. त्या दोन मिनिटांत पुष्कळदा खरी तक्रार बाहेर येते.

ज्येष्ठ वाचकांना एवढेच सांगणे, की “एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरांना कशाला त्रास?” हा विचार मनातून काढून टाकावा. दहा वेळा तपासून काही निघाले नाही, तर त्या दहाही भेटी सत्कारणी लागल्या असेच आम्ही समजतो. आज रात्री कवळी काढाल, तेव्हा दिवा लावून आरशात एकदा पाहावे, आणि काही वेगळे दिसले तर ते सकाळी घरात सांगावे.