पुढली पाटी कोणाची?

मोटारीच्या पुढल्या अंगास क्रमांकाची पाटी कशाला हवी, मागे एक आहे तेवढी पुरे, असे म्हणणारे सुशिक्षित मालक आपल्या शहरांत थोडे नाहीत. कोणी ती पाटी लोखंडी कठड्याआड दडवितो, कोणी ४१४१ हा आकडा असा वळवितो की तो ‘दादा’ असा वाचला जावा. आमच्या हौसेने कोणाचे काय बिघडते, असा या मंडळींचा सवाल आहे. त्याचे उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पुढे व मागे, दोन्हीकडे क्रमांक दाखविण्याची सक्ती केली आहे. मोटारीवरील अक्षरांची उंचीही ६५ मिलिमीटर ठरवून दिली आहे. हा काटेकोरपणा मालकास जाचण्यासाठी नव्हे. भरधाव येणाऱ्या गाडीची पुढली बाजू हीच पादचाऱ्यास व साक्षीदारास प्रथम दिसते. गाडीची ओळख पटली, तर मृताच्या वारसांस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे त्याचे वय, मिळकत व पाठीमागची पोरेबाळे यांचा हिशेब मांडून भरपाई मागता येते. ओळख पटली नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या योजनेप्रमाणे मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये, एवढ्यावरच समाधान मानावे लागते. कर्ता पुरुष गेलेल्या घरास या दोहोंतील अंतर समजावून सांगावे लागत नाही. तेव्हा झाकलेली पाटी ही हौस नव्हे. ती दुसऱ्याचा पुरावा आगाऊ नष्ट करणे होय.

अमेरिकेतील फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत मागली एकच पाटी चालते, असा दाखला काहीजण देतात. पण त्याच देशातील न्यूयॉर्क व कॅलिफोर्निया येथे दोन्ही पाट्या लागतात, हे ते सोयीस्करपणे विसरतात. दुसरे कोणी स्वभाषेचा अभिमान पुढे करतात. नियमाने अक्षरे इंग्रजीच ठेवावीत, हे आम्हांसही रुचत नाही. परंतु ज्यांचा अभिमान खरा आहे त्यांनी नियम बदलून घेण्याची चळवळ करावी, आम्ही त्यांच्या बाजूस उभे राहू. नियम चुकविणे हा स्वभाषाभिमान नव्हे.

सरकारही येथे निर्दोष नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांस उच्च सुरक्षा पाटी आवश्यक झाली. पण जुन्या वाहनांसाठी महाराष्ट्रात २०२५ साली मुदतीमागून मुदती वाढविण्यात आल्या. जो कायदा आपली तारीख आपणच पाळीत नाही, त्याचा धाक लोकांस कसा वाटावा?

तरीही एक उदाहरण आशादायक आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती व राज्यपाल यांच्या मोटारींवर पूर्वी क्रमांकाऐवजी केवळ सिंहमुद्रा असे. जुलै २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या गाड्यांवरही नोंदणी क्रमांक दिसला पाहिजे, असा आदेश दिला. स्वराज्यात राष्ट्रपतींची मोटारही नियमाबाहेर नाही, तर गल्लीतल्या दादाची का असावी? गाडी मालकाची असेल. तिची पाटी मात्र रस्त्यावरील प्रत्येक माणसाची आहे. पोलिसांनी पावतीपुस्तक उघडण्यापूर्वी आमच्या व्यापारी व नोकरदार वाचकांनी आपापल्या गाडीसमोर उभे राहून हा क्रमांक वाचता येतो की नाही, हे आजच पाहावे, एवढीच आमची सूचना आहे.