जुन्या जीपला खरंच नवं इंजिन हवं आहे का?

चढावर जुनी जीप दमायला लागली, की मालकाला सगळ्यात आधी मिळणारा सल्ला असतो इंजिन बदलण्याचा. कॉमन रेलचं एखादं डिझेल बसव, मग बघ गाडी कशी चढते! या सल्ल्यामागे एक समजूत असते. दगडधोंड्यांतून, चिखलातून, घाटातल्या कच्च्या वाटेवरून गाडी जाते ती अश्वशक्तीच्या जोरावर, जुन्या इंजिनात ती कमी, म्हणून गाडी कमी पडते. ही समजूत इतकी सरसकट आहे की गॅरेजमध्ये सहसा कुणी ती तपासतच नाही. तपासली तर ती टिकत नाही. जुन्या फोर बाय फोर गाडीचं मूळ इंजिन तिच्या गिअरबॉक्सला, अ‍ॅक्सलला, रेडिएटरला आणि ब्रेकला मापून दिलेलं असतं. ते अपुरं वाटायला लागतं तेव्हा दोष बहुतेक वेळा त्याच्या आजूबाजूला असतो, आणि तो शोधण्याआधी इंजिन बदलणं म्हणजे पैसाही घालवणं आणि गाडीही बिघडवणं.

पुरावा म्हणून दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी घेऊ. तिच्याच वंशातल्या जीप महिंद्राने १९४७ पासून भारतात जोडायला सुरुवात केली. तिचं २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन जेमतेम ६० अश्वशक्तीचं आणि सुमारे १४२ न्यूटन मीटर टॉर्कचं. आजच्या छोट्या हॅचबॅकलासुद्धा याहून जास्त अश्वशक्ती असते. पण पहिल्या गिअरचं प्रमाण २.६६५, ट्रान्सफर केसमधल्या लो रेंजचं १.९७ आणि अ‍ॅक्सलचं ४.८८ असा गुणाकार केला, की इंजिनाचा टॉर्क चाकांपर्यंत पोचेतो साडेपंचवीसपट होतो. १४२ चे ३,६०० च्या वर न्यूटन मीटर होतात. टायरची त्रिज्या ३६ सेंटीमीटर धरली आणि घर्षणात जाणारा भाग वजा केला, तरी जमिनीवर साधारण साडेआठशे ते नऊशे किलोचा जोर उरतो. रिकाम्या गाडीचं वजन अकराशे किलोच्या आसपास. ओल्या चिकणमातीवर टायरची पकड वजनाच्या निम्मीही नसते, म्हणजे तिथे चार-पाचशे किलोच्या जोरालाच चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. थोडक्यात, १९४१ सालच्या इंजिनाकडेही चिखलात वापरता येईल त्याच्या जवळजवळ दुप्पट जोर होता. तिथे दुप्पट ताकदीचं इंजिन बसवून फक्त चाक जास्त वेगाने फिरेल आणि खड्डा जास्त खोल होईल. वाट काढून देते ती टायरची पकड, टायरमधली हवा, चाकांवरचं वजन आणि गिअरिंग. इंजिनाकडून अपेक्षा एवढीच, की कमी फेऱ्यांवर ते न अडखळता ओढत राहावं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की हिशोब कागदावर ठीक आहे, पण गाडी प्रत्यक्षात दमते त्याचं काय? दमते हे खरं. त्याचं एक मोठं कारण खुद्द मालकानेच चाकांवर चढवलेलं असतं. मूळ ६.००-१६ चे टायर साधारण २८-२९ इंच उंचीचे. त्यांच्या जागी हौसेने ३३ इंची टायर बसवले, की अ‍ॅक्सलचं प्रमाण जणू सुमारे १३ टक्क्यांनी कमी होतं आणि जमिनीवर पोचणारा जोरही तेवढाच घटतो. शिवाय जड चाक फिरवायला आणि थांबवायला जास्त शक्ती लागते. मग गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढायची ती पहिल्यात चढते, क्लच घासतो, इंजिन तापतं, आणि ठपका इंजिनावर येतो. इथे इलाज एक तर मूळ मापाचे टायर, नाही तर अ‍ॅक्सलमधलं क्राउन-पिनियन बदलून प्रमाण वाढवणं. दुसरा इलाज महाग आहे, पण इंजिन बदलण्याच्या मानाने स्वस्तच.

दुसरं कारण असतं इंजिन स्वतःची मूळ ताकदच देत नसल्याचं. जुनं झालंय म्हणून असं होणारच, हे मानायला मी तयार नाही. डिझेलच्या जीपमध्ये नोझलचा फवारा बिघडलेला असतो, पंपाचं टायमिंग सरकलेलं असतं, डिझेल फिल्टर तुंबलेला असतो, टॅपेटचं अंतर वर्षानुवर्षं कुणी पाहिलेलं नसतं. पेट्रोलमध्ये कार्बोरेटरचे जेट, डिस्ट्रिब्युटरचा अ‍ॅडव्हान्स आणि मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून शिरणारी चोरटी हवा हेच नेहमीचे संशयित. धुराचा रंगही बोलतो: काळा म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, गरम इंजिनातून सतत येणारा पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा आत शिरणारं पाणी. पण केवळ धुरावरून 'हाफ इंजिन करावं लागेल' असा निकाल देणं घाईचं आहे. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजने मोजायला तासाभराचं काम लागतं. आकडे एकमेकांच्या जवळ आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेत असतील, तर रिंग-पिस्टनला हात लावायचं कारण नाही. एकाच सिलिंडरचा आकडा पडला असेल, तर त्यात थोडं ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. न मोजता उघडलेलं इंजिन पुष्कळदा आधीपेक्षा वाईट होऊन मिटतं, कारण कारखान्यातली अचूकता नाक्यावरच्या प्रत्येक लेथला जमतेच असं नाही.

आता सगळ्यात चिवट गैरसमजाकडे येतो. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा, हा सल्ला गावोगावी दिला जातो आणि 'आपल्याकडे थंडी कुठे आहे' अशी त्याला जोडही मिळते. थर्मोस्टॅट थंडीसाठी नसतो. इंजिन ऐंशी-नव्वद अंशांच्या घरात ठेवणं हे त्याचं काम. तो नसला की उतारावर आणि रिकाम्या रस्त्यावर इंजिन थंड चालतं. डिझेल नीट जळत नाही, काजळी ऑइलमध्ये उतरते, जळताना तयार होणारं पाणी बाष्प होऊन निघून न जाता चेंबरमध्ये साचतं आणि सिलिंडरची झीज वाढते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की बायपासचा मार्ग बंद करतो. तो काढला तर गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतो आणि चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापू शकते. तापण्याचं खरं कारण सहसा गाळाने भरलेला रेडिएटर, सैल पट्टा, पंख्याभोवतीचं काढून फेकलेलं आवरण किंवा दाब न धरणारं रेडिएटरचं झाकण यांतच सापडतं. झाकण क्षुल्लक वाटतं, पण ०.९ बारचा दाब धरला तर पाणी शंभरऐवजी जवळजवळ ११८ अंशांना उकळतं. शिवाय कूलंटच्या जागी वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी घातलं, की ब्लॉकमध्ये क्षार आणि गंज बसतो. मग बाहेरून कितीही मोठा रेडिएटर लावा, उष्णता लोखंडातून पाण्यात जाणारच नाही.

डिझेलच्या जीपला पाण्याचं भय नाही, हा गैरसमज तर थेट इंजिनाच्या जिवावर उठतो. डिझेलमध्ये ठिणगी नसते, त्यामुळे वायरी भिजून ते बंद पडत नाही, इथवर खरं. पण हवेच्या वाटेने पाणी आत गेलं तर काय होतं याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. अडीच लिटरच्या चार सिलिंडरी डिझेलमध्ये एका सिलिंडरची जागा सुमारे ६२५ घन सेंटिमीटर. कॉम्प्रेशनचं प्रमाण २२ धरलं, तर पिस्टन वर आल्यावर उरते ती फक्त तीसेक मिलिलिटर. पाणी दाबलं जात नाही. म्हणजे दोन मोठे चमचे पाणी आत गेलं, तरी कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा ब्लॉक फोडून बाहेर येतो. पेट्रोल इंजिनातही ही जागा फार मोठी नसते, फक्त ते आधी भिजून बंद पडतं आणि त्यातच वाचतं. पावसाळ्यात ओढा पार करण्याआधी अश्वशक्तीची नव्हे, हवा नेमकी कुठून आत जाते याची चौकशी करावी. ओढ्यात गाडी बंद पडलीच तर स्टार्टर मारू नये. आधी नोझल किंवा हीटर प्लग काढून इंजिन हाताने फिरवावं. गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलचं ऑइल दुधाळ झालंय का, तेही त्याच दिवशी बघावं. गरम अ‍ॅक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढून घेते.

ऑइलबद्दल थोडक्यात. जुन्या इंजिनात जाड ऑइल घातलं की गेजवर दाब वाढतो आणि मालक निश्चिंत होतो. गेज दाखवतो तो प्रवाहाला होणारा अडथळा. बेअरिंगपर्यंत ऑइल किती पोचतंय, हे त्यावरून कळत नाही. कंपनीने सांगितलेली ग्रेड सोडायला ठोस कारण लागतं. मात्र ऑइल बदलायचं अंतर किलोमीटरवर मोजणं या गाड्यांसाठी चुकीचं आहे. रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या सरासरीने ५,००० किलोमीटर म्हणजे १२५ तास. लो रेंजमध्ये ताशी ८ किलोमीटरने तेच १२५ तास १,००० किलोमीटरमध्ये भरतात. लाल मातीत किंवा काळ्या मातीच्या धुळीत चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा होज, रिंगांचं आयुष्य ठरवतो. त्या होजचा क्लिप सैल असेल तर महागातलं महाग ऑइलही उपयोगाचं नाही.

इंधनाची भीतीही अशीच अर्धी खरी आहे. शिशाचं पेट्रोल भारतात २००० साली संपलं. तेव्हापासून जुन्या पेट्रोल इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट खचतात, असं सांगितलं जातं. खचू शकतात, पण प्रामुख्याने सतत जास्त फेऱ्यांवर आणि पूर्ण भाराखाली चालवलं तर. सावकाश चालणाऱ्या जीपमध्ये टॅपेटचं अंतर ठरावीक काळाने मोजावं. ते पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर सीट खचतेय, आणि पुढच्या वेळी हेड किंवा ब्लॉक उघडेल तेव्हा कडक सीट बसवून घ्यावी. डिझेलमधलं गंधक २०२० पासून १० पीपीएमवर आलं, त्याने जुने पंप झिजतील अशी धास्तीही व्यक्त झाली. पण पंपाला वंगण मिळतं ते गंधकापासून नव्हे. गंधक काढताना डिझेलमधले वंगण देणारे इतर घटकही जातात, आणि ती उणीव भरून काढायला इंधनात वंगणक्षमता वाढवणारे घटक घातले जातात. खरी काळजी करायची ती २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची. इथेनॉल जुन्या रबरी पाइपांना, डायफ्रॅमला आणि गॅस्केटला मऊ करतं किंवा तडे पाडतं. ते पाणीही ओढतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये गंज धरतो. त्यात ऊर्जा कमी आणि ऑक्सिजन जास्त असल्याने कार्बोरेटरचं मिश्रण पातळ पडतं, गाडी अडखळते, तापते. इथेही उपाय इंजिन बदलण्याचा नाही. इथेनॉल सोसणारे पाइप लावणं, कार्बोरेटरचा किट बदलणं, जेट एक पायरी मोठा करणं, एवढ्याने ती नीट चालते.

हे सगळं करूनही इंजिन बदलावं लागतं, अशी वेळ येते. ब्लॉकला तडा गेलेला असतो, क्रँक शेवटच्या मापाच्या पलीकडे घासून झालेला असतो, सुटे भाग मिळेनासे होतात. तेव्हा निवड कशी करायची? खुद्द महिंद्राच्या कारखान्यानेही या जीपना वेळोवेळी वेगवेगळी इंजिनं दिली: आधी विलीजचं पेट्रोल, मग ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल, मग प्यूजोच्या परवान्याचं. म्हणून कोणतंही डिझेल कोणत्याही जीपमध्ये चालतं, असा अर्थ लोक काढतात. तो चुकीचा आहे. थारच्या कॉमन रेल इंजिनाचा टॉर्क २४७ न्यूटन मीटर होता, विलीजच्या पावणेदोनपट. चिखलात टायर घसरत असल्यामुळे अ‍ॅक्सल वाचतो, पण वेगाने फिरणाऱ्या चाकाला अचानक खडकाची पकड मिळाली की सगळा झटका जुन्या गिअरबॉक्सच्या दातांवर आणि अ‍ॅक्सल शाफ्टवर येतो. हायवेवर वेग हवा, हा मालकाचा आग्रह मला समजतो. पण सीजे ३बी जीपच्या ५.३८ च्या अ‍ॅक्सलवर ताशी ८० किलोमीटरलाच इंजिन ३,१०० च्या वर फिरत असतं. कमी फेऱ्यांचं डिझेल तिथे वेग देणारच नाही. आणि अ‍ॅक्सल बदलून वेग मिळवलाच, तर ६० वरून ९० वर गेल्यावर थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट होते, तीही जुन्या ड्रम ब्रेकनी आणि आखूड व्हीलबेसवर. म्हणून बदलाचं इंजिन त्याच घराण्यातलं, मूळच्या जवळपासच्या टॉर्कचं आणि फेऱ्यांचं, पुढच्या पाट्यांवर फार वजन न टाकणारं आणि सेन्सर-वायरिंगच्या जंजाळाशिवाय चालणारं असावं.

कायद्याची बाजूही इथेच येते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई पुन्हा स्पष्ट केली. त्याच जातीचं दुसरं इंजिन बसवलं तरी आरसीवरचा इंजिन नंबर बदलतो, त्यामुळे आरटीओची परवानगी काम सुरू करण्याआधी घ्यावी. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावाही अडकू शकतो. भंगारातून किंवा दुसऱ्या गाडीतून इंजिन घेताना पैसे देण्याआधी चालवून, गरम करून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्यावं, ब्लॉकवरचा पंच केलेला नंबर खोडलेला नाही हे बघावं, आणि ज्या गाडीतून ते उतरवलं तिच्या कागदांची प्रत बिलासोबतच मागून ठेवावी.