हगवणीत लेकराला पाणी पाजा

उन्हाळ्यात आपल्या नागपूरकडे लेकरांना हगवण लागते. घरची म्हातारी माणसे सांगतात, "पाणी देऊ नका, ढाळ वाढतील." हे खरे नाही. ढाळांवाटे अंगातले पाणी जाते, मीठही जाते. लेकरू दगावते ते त्यामुळे.

पाजल्याने जीव वाचतो, याचा मोठा पुरावा 1971 साली मिळाला. बंगालात बनगावला निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाईन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज साखर व खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लोकांना पाजला. शंभरात वीस-तीस माणसे मरत होती. ती चारांहून कमी झाली.

नुसते पाणी पुरत नाही. साखरेच्या सोबतीने मीठ आतड्यातून अंगात शिरते आणि त्यांच्यामागे पाणी जाते.

ओआरएसची पुडी आशाताईकडे मिळते. पुडीवर लिहिले असेल तेवढेच पाणी घ्या. आता तुम्हांला वाचता येते! पाणी उकळून गार केलेले असावे. पुडी सगळी घाला. चमच्या-चमच्याने पाजा. ओकले तर दहा मिनिटे थांबा, पुन्हा पाजा. अंगावरचे दूध तोडू नका. ढाळ लगेच थांबणार नाहीत. गेलेले पाणी मात्र भरून निघेल.

पुडी नसेल, तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. मीठ मोजूनच घाला, जास्त झाले तर अपाय होतो.

डोळे खोल गेले, लघवी होईना, लेकरू मलूल पडले किंवा ढाळात रक्त दिसले, तर तडक दवाखाना गाठा. गिळता येत असेल तर वाटेतही पाजत राहा.